शेजारच्या बाईंच्या भावाची काउंटी

नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी राहायला आलो तेव्हा माझं फ्रेंच बिनकामाचं झालं. पुण्यात मी आठ वर्षं एका शाळेत फ्रेंच शिकवत होते. मग नवऱ्याला आइंडहोव्हनजवळ चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही मुलीला घेऊन इकडे आलो. इथे दुकानात डच लागायचं, नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी चालायचं. माझी पुस्तकं ज्या खोक्यात आली ते खोकं दोन वर्षं जिन्याखालीच पडून होतं. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी डच शिकते असं सांगायचे, आणि तेसुद्धा इंग्रजीत.

आमच्या शेजारी एक बाई एकट्या राहत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, रोज सकाळी सायकलवरून बाजारात जाऊन यायच्या. कुंपणाच्या झुडपांवरून आमचं बोलणं व्हायचं, पण ते पाऊस आणि वारा यांच्यापलीकडे जात नसे. मला डच पुरेसं येत नव्हतं आणि त्यांना इंग्रजी. माझी सात वर्षांची मुलगी मात्र त्यांच्या घरात मुक्तपणे वावरायची. त्यांना ती ओमा, म्हणजे आजी म्हणायची. आईला फ्रेंच येतं ही बातमी तिनेच त्यांना पुरवली होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी बाईंनी आमची बेल वाजवली. इथे सहसा कुणी न कळवता येत नाही, त्यामुळे दार उघडतानाच मला वाटलं, काहीतरी झालं असणार. बाईंच्या हातात परदेशी तिकिटाचं पाकीट होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि सावकाश, मला कळेल अशा डचमध्ये म्हणाल्या, "हे माझ्या भावाच्या घरून आलंय. मला वाचता येत नाही."

मी त्यांना आत बसवलं. भाऊ त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी आमच्या या ब्राबांट प्रांतातली बरीच शेतकऱ्यांची मुलं जमीन पुरत नाही म्हणून कॅनडाला गेली, त्यांत तोही गेला. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. तो न्यू ब्रन्सविक प्रांताच्या उत्तरेला एका बटाट्याच्या शेतावर लागला, तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरातल्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि तिच्या वडिलांच्या जमिनीवर राहिला. दर नाताळात तो डचमध्ये पत्र लिहायचा. मागच्या दोन नाताळांना पत्र आलं नव्हतं. आता जे आलं होतं, ते त्याच्या मुलीचं होतं आणि फ्रेंचमध्ये होतं.

मी आधी ते मनात वाचलं. भाची लिहीत होती की तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. वडील आता वृद्धाश्रमात आहेत. त्यांची स्मृती हळूहळू जाते आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण या वर्षी त्यांचं फ्रेंचही गेलं. आधी दोन भाषांची सरमिसळ व्हायची, आता नुसती एकच उरली आहे. तिथल्या नर्सना वाटतं, ते असंबद्ध बरळतात. 'पण मला माहीत आहे की ते बरळत नाहीत,' असं तिने लिहिलं होतं. 'ती त्यांची भाषा आहे. लहानपणी आम्ही ती ऐकली आहे, कारण गायींवर चिडले की ते त्याच भाषेत शिव्या द्यायचे. आम्हा भावंडांना त्यांनी ती कधी शिकवली नाही. आमच्या काउंटीत ती येणारं कुणीच नाही. आत्या, ते दिवसभर काय मागतात हे तुम्ही मला सांगू शकाल का?'

फ्रेंचमध्ये आत्या, मावशी, काकू सगळ्यांना एकच शब्द. माझ्या मनात मात्र तो आत्या असाच उतरला.

मी मोडक्या डचमध्ये पत्राचा अर्थ सांगत गेले. एका ठिकाणी अडखळले. भाचीने लिहिलं होतं की ती दर आठवड्याला 'शार'मधून वडिलांकडे जाते. मी पुण्यात शिकले त्या फ्रेंचमध्ये शार म्हणजे रथ. मी तसंच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाल्या की भावाच्या पत्रात ते कधी आलं नव्हतं. तिकडच्या लोकांत शार म्हणजे साधी मोटार, हे मला त्या रात्री शोधल्यावर समजलं. दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून ते सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

त्यानंतर आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. बाई सांगायच्या, मी फ्रेंचमध्ये लिहायचे. बाईंचे प्रश्न साधे असत. तुमच्या घरापासून चर्च किती लांब आहे? शेजारी कोण? पाव कुठून आणता? भाची ईमेलने लांबलचक उत्तरं पाठवायची. ती पूर्वी तिथल्या शाळेच्या कचेरीत होती आणि तिला तिच्या मुलखाबद्दल सांगायला आवडत होतं. त्या उत्तरांतून ती काउंटी आमच्या जेवणाच्या टेबलावर थोडी थोडी उलगडत गेली.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच काहीतरी, फक्त आत माणसं अगदी तुरळक. मधला सगळा भाग जंगलाचा. तिथे लाकूडतोड्यांच्या कच्च्या वाटा आहेत, तळी आहेत, मूस नावाची घोड्याएवढी हरणं आहेत, पण गाव नाही. माणसं राहतात ती कडेकडेने, नदीच्या काठाला आणि पुढे नदी खाडीला मिळते तिथल्या किनाऱ्याला. एकच रस्ता नदीच्या शेजारून जातो आणि घरं त्याच रस्त्याला धरून, एकामागे एक, मधे बरंच अंतर सोडून. जुन्या जमिनी अरुंद पट्ट्यांच्या आहेत, पुढचं टोक पाण्याला, मागचं जंगलात. इंग्रजी बोलणारी थोडी घरं आहेत, ती कुठली ते सगळ्यांना माहीत असतं. बाकी सगळं फ्रेंच. कागदाचा कारखाना बंद पडला तेव्हा तरुण माणसं दक्षिणेच्या शहरांत गेली. शाळा बंद झाली, मुलं बसने तासभर लांब जातात. चर्चमध्ये आता बारशांपेक्षा दफनं जास्त, असं तिने लिहिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की या वर्षी ब्लूबेरी मात्र खूप आल्या.

मी एकदा बाईंना संगणकावर उपग्रहाचा नकाशा दाखवला. सगळीकडे गडद हिरवं, त्यात नदीची रेघ, रेघेला चिकटून ठिपके. भाचीच्या घराचं छप्पर करडं दिसत होतं. बाईंनी चष्मा नीट केला, नकाशा सरकवायला लावला, पुन्हा सरकवायला लावला.

"बाकीचं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"बाकीचं म्हणजे?"

"गाव."

"हेच आहे. एवढंच."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की कुठेही उभं राहिलं तरी चर्चचा एखादा मनोरा दिसतो, एक मागे पडेपर्यंत दुसरा येतो. जंगल म्हणून जे आहे तिथेही बाकडी आणि सायकलींच्या पाट्या. बाई म्हणाल्या की आयुष्यभर त्या लोकांना सांगत आल्या, मी खेड्यात राहते.

मला तो नकाशा बघायची सवयच लागली. मुलगी शाळेत गेली की मी तो रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून यायचे. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी पुण्याच्या भर वस्तीत वाढलेली, इतकी ओस जागा मी कधी पाहिलेलीही नव्हती. पण तिथे रोज कुणीतरी माझ्या फ्रेंचची वाट बघत होतं आणि इथे माझी कुणी फारशी वाट बघत नव्हतं.

पत्रांनी मूळ प्रश्न सुटत नव्हता. भाची वडिलांचे शब्द कानावर पडतील तसे लिहून पाठवायची आणि ते बाईंना ओळखू यायचे नाहीत. शेवटी मी व्हिडिओ कॉल सुचवला. वेळेत पाच तासांचा फरक. रविवारी आमच्याकडे दुपारचे तीन म्हणजे तिथे सकाळचे दहा, न्याहारी झालेली असते आणि वडिलांना हुशारी असते, असं भाचीचं म्हणणं पडलं.

पहिल्या रविवारी बाई ठेवणीतला निळा ब्लाउज घालून आल्या. मी टॅबलेट फळांच्या परडीला टेकवून ठेवला. पडद्यावर साठीच्या आसपासची, आखूड केसांची एक बाई दिसली आणि तिच्या शेजारी खुर्चीत एक मोठ्या हाडापेराचे म्हातारे गृहस्थ, मान खाली. बाईंनी टॅबलेटच्या अगदी जवळ जाऊन इथल्या बोलीत काहीतरी म्हटलं. मी वर्गात शिकत होते ते डच नव्हे ते. म्हाताऱ्यांनी मान वर केली. मग ते बोलायला लागले आणि थांबेचनात. आवाज खरखरीत होता, पण त्यात कुठेही अडखळणं नव्हतं. भाची तोंडावर हात ठेवून ऐकत होती. तिने मला फ्रेंचमध्ये विचारलं, "खरं बोलतायत? शब्द आहेत ते?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "अर्थात शब्द आहेत. पुराचं पाणी खळ्यापर्यंत आलंय का, विचारतोय. आणि म्हणतोय, त्याचे पाय गार पडलेत."

मी ते सांगितलं. भाची उठली, कपाटातून लोकरीचे मोजे आणले आणि गुडघ्यांवर बसून वडिलांच्या पायांत घातले. कित्येक महिने ते पाय गार पडल्याचं सांगत होते बहुतेक.

तो सगळा हिवाळा दर रविवारी हे चाललं. भाऊ बाईंच्या बोलीत बोलायचा, बाई मला साध्या डचमध्ये सांगायच्या, मी फ्रेंचमध्ये. भाचीचं उत्तर त्याच वाटेने उलट जायचं. या प्रवासात माझं डच इतकं सुधारलं की वर्गातल्या मास्तरीणबाईंना आश्चर्य वाटलं. ब्राबांटची माणसं घरच्यांना नुसतं आई किंवा भाऊ म्हणत नाहीत, 'आमची आई', 'आमचा भाऊ' म्हणतात. तेवढं मला शिकावं लागलं नाही, आमच्याकडेही तसंच म्हणतात.

रविवारीच सकाळी मी पुण्याला आईला फोन करायचे. आई नातीला विचारायची, काय गं जेवलीस का, शाळेत काय केलंस. मुलीला सगळं कळायचं आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. मग मी ते आईला मराठीत सांगायचे. सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला, मी मधेच बसलेली असायचे. दुपारी मला त्याचं काही वाटत नसे, सकाळी मात्र वाटायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी म्हातारबाबा शांत होते. भाची त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहून बहिणीला बरंच काही सांगितलं. बाईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतोय, ही बाई कोण आहे? रोज येते. स्वभावाने चांगली आहे. पण काय बोलते ते कळत नाही. आमच्या आईला सांग, हिला कॉफी दे."

भाची माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तुम्ही चांगल्या आहात, असं म्हणतायत."

तिने मान हलवली, हसली. कॉल संपला. बाईंनी टॅबलेट पालथा घातला.

"तो इतकं थोडं नव्हता बोलला," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग?"

"माझ्याच्याने सांगवलं नाही."

बाई रागावल्या नाहीत. कोट घालता घालता म्हणाल्या, "मलाही सांगवलं नसतं. पण बाप तिचा आहे. त्याचं बोलणं तिला दे."

तो आठवडा मला जड गेला. स्वयंपाक करताना मी ते वाक्य फ्रेंचमध्ये निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवून बघायचे. कुठल्याही तऱ्हेने ते मऊ होईना. नवरा म्हणाला, एवढं का मनाला लावून घेतेस, तुझी माणसं आहेत का ती?

पुढच्या रविवारी कॉल लागताच मी भाचीला म्हटलं की मागच्या वेळी मी पुरतं सांगितलं नाही, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ही बाई कोण, इथपासून कॉफीपर्यंत.

"ते मला ओळखत नाहीत, हे मला उन्हाळ्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्यांना चांगली वाटते, हे माहीत नव्हतं. तुम्ही मागच्या वेळी नेमकं तेवढंच सांगितलंत." मग तिने विचारलं, "कॉफी देऊ केली तर तुमच्याकडे काय उत्तर देतात?"

मी बाईंना विचारलं. बाईंनी दोन शब्द सांगितले, 'या, लेकर'. हो, छान होईल, असा अर्थ. भाचीने ते तीन-चारदा घोकले. मग वडिलांकडे वळून, फ्रेंच वळणाने, पण स्वच्छ म्हणाली. म्हातारबाबांचा चेहरा उजळला. त्यांनी दाराकडे मान वळवून, सत्तर वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी स्वयंपाकघराच्या दिशेने आईला हाक मारली आणि पाहुण्या आल्याचं सांगितलं. आमच्या टेबलाशी बाई रडत होत्या. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी ते गेले. सकाळी, झोपेत. भाचीने मला फोन केला आणि मी कुंपणाला वळसा घालून बाईंकडे गेले. त्यांनी मला पाहताच काय ते ओळखलं. पहिला प्रश्न अंत्यविधी कधी, हा होता. मला परत फोन करून विचारावं लागलं, आणि उत्तर ऐकून मीच गोंधळले. तिथे हिवाळ्यात जमीन इतकी गोठलेली असते की खणता येत नाही. दफनभूमीच्या मागे एक दगडी खोली आहे, तिथे शवपेटी ठेवतात आणि बर्फ वितळल्यावर मे महिन्यात पुरतात.

"मेपर्यंत तो तिथे एकटा राहणार," बाई म्हणाल्या.

एकटा नाही, त्या हिवाळ्यात गेलेले आणखीही आहेत, असं भाचीने सांगितलं होतं. मी तेही सांगितलं. त्याने बाईंना जरा बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मला जायला वेळ आहे."

त्या आयुष्यात कधी विमानात बसल्या नव्हत्या. मी सोबत यावं, असं त्यांना आणि भाचीलाही वाटत होतं, आणि मला तर इतकं वाटत होतं की मी ते कुणाला बोलूनही दाखवलं नाही. पण बाईंना साधी ऑनलाइन परवानगी पुरत होती आणि माझ्या भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत होता. मी अर्ज केला. एप्रिल गेला, काही आलं नाही. तेव्हा मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर एका बाजूला डच, दुसऱ्या बाजूला फ्रेंच अशी वाक्यं लिहून दिली. मला कमी ऐकू येतं. मी त्यांची बहीण. मला जरा बसायचं आहे. नवऱ्याने गाडीने विमानतळावर सोडलं. आत जाताना बाई मागे वळून म्हणाल्या, "तू सांगितलेला रस्ता मी ओळखेन."

दहा दिवसांनी त्या परत आल्या आणि पुढच्या तीन दुपारी मी त्यांच्याकडे बसून होते. विमानतळापासून पुढे चार तास गाडीने, आणि त्यातले दोन तास नुसती झाडं. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला हात दाखवतो, ओळख असो नसो. बर्फ सावलीच्या जागी अजून होतं. घरं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून बाईंना वाटलं होतं, दफनाला पाच-सहा माणसं असतील. चर्च भरून माणसं मागे उभी होती. कुठून आली, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक जण येऊन हात हातात घ्यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, ते वाक्य त्यांच्या पुठ्ठ्यांवर नव्हतं. भावाबरोबर जंगलात काम केलेला एक म्हातारा आला. त्याने टोपी काढली आणि गंभीर चेहऱ्याने एक डच शब्द उच्चारला, गायींवर चिडून देतात तशी शिवी. त्याला बहुधा वाटत होतं, हा नमस्कार असेल. बाईंनी त्याला तोच शब्द परत दिला.

"मग तो खूश झाला," त्या म्हणाल्या. "अख्ख्या मुलखात माझ्याशी डच बोलणारा तो एकटाच."

माझा व्हिसा जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. भाचीने लिहिलं, आता तरी या, ब्लूबेरी ऑगस्टात असतात. मी तारखा बघायला घेतल्या आणि त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ठरलं. मुलीच्या शाळेच्या सुट्टीत दोन प्रवास बसणारे नव्हते, मी मुलीला घेऊन पुण्याला गेले. सप्टेंबरात भाची दक्षिणेच्या शहरात मुलाकडे राहायला जाणार होती, एकटीने आणखी एक हिवाळा काढायचं बळ नाही म्हणाली. घर विकायला काढलं होतं. म्हणजे पुढच्या वर्षी गेले तरी भेटायला तिथे कुणी नसणार.

पुण्यात ऑपरेशननंतर आईच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने धूसरच दिसायचं. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. दुपारी मी तिच्या पलंगाशी बसायचे. ती म्हणायची, तिकडचं काहीतरी सांग. मी तिला बेस्टचं सांगायला लागले, शाळा, सायकली, कालवा, आणि माझ्या नकळत नदीकाठच्या रस्त्यावर गेले. अरुंद शेतं, पाण्यापासून जंगलापर्यंत. बंद शाळेची इमारत. चर्चमागची दगडी खोली. बराच वेळ सांगत होते. मला वाटलं, आईला झोप लागली.

"किती लांब आहे गं हे तुमच्यापासून?" तिने विचारलं. "तू जातेस का तिथे नेहमी?"

"नाही," मी म्हटलं. "मी गेलेच नाही कधी."

आईने नीट दिसत नसतानाही माझ्याकडे तोंड वळवलं, चाचपत माझा हात शोधला आणि म्हणाली, "असू दे. सांग पुढे."